क्रॉसिंगला कोणी थांबायचं? डेटा सेंटर स्विचवर ट्रॅफिकचा प्राधान्यक्रम लावण्याची सविस्तर कृती

राजापूरच्या शाखेतून फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. "दादा, तुमच्याकडची माणसं तोंडात गुळणी धरल्यासारखी बोलतायत. आणि एंट्री मारली की ते मेलं चक्र फिरतच बसतं. काउंटरला रांग लागलीय माझ्या." आदल्या रात्री वादळी पावसात रत्नागिरीतली लाईट गेली होती. जनरेटर वेळेवर उठला नाही आणि पुण्याला जाणारा बॅकअप अर्ध्यात तुटला. सकाळी सर्व्हर उभे राहिल्यावर बॅकअपने इमानदारीत उरलेलं काम पुन्हा हातात घेतलं, तेही भर कामाच्या वेळेत.

मी एका पतसंस्थेची सर्व्हर रूम सांभाळतो. दहा-बारा सर्व्हर, एक स्टोरेज, फोनचं एक्स्चेंज व्हर्च्युअल मशीनवर, आणि राजापूर, लांजा, गुहागर, देवरुखकडे जाणाऱ्या लाईनी. याला डेटा सेंटर म्हणणं जरा धाडसाचंच आहे, पण स्विचची जोडी मात्र डेटा सेंटरचीच, सिस्को नेक्सस ९००० मालिकेतली. त्या दिवसानंतर क्यूओएस, म्हणजे डेटाच्या कोणत्या तुकड्याने (पॅकेटाने) आधी जायचं ते ठरवणारे नियम, नीट लावायला बसलो. पुढची कृती त्यातूनच आलेली आहे. दुसऱ्या कंपनीचा स्विच असेल तर शब्द बदलतील, कामाचा क्रम तोच राहील. कमांड मी तोंडाने म्हणतो तशाच लिहिल्या आहेत. टंकताना अर्थातच रोमन लिपीत टंकायच्या, आणि क्लास (ट्रॅफिकचे वर्ग) व पॉलिसी (त्यांच्यासाठीचे नियम) यांची नावंही.

रूळ एकेरी कुठे होतो ते आधी शोधा

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुपदरी झाला. तिथे क्रॉसिंगसाठी कोणी कोणाची वाट बघत नाही. वीरच्या पुढे लाईन एकेरी आहे, म्हणून राजधानी यायची असली की पॅसेंजर बाजूच्या लूप लाईनला उभी. प्राधान्याचा प्रश्नच मुळी एकेरी लाईनवर येतो. नेटवर्कमध्येही तसंच आहे. जिथे गर्दी होत नाही तिथे तुम्ही कितीही सुंदर पॉलिसी लावा, काही फरक पडत नाही. आणि गर्दी होते तिथे पॉलिसी लावली म्हणून लाईन दुपदरी होत नाही. थांबायचं कोणी, एवढंच तुम्ही ठरवता.

माझ्याकडे अशा तीन जागा निघाल्या. पहिली, बाहेर जाणारी २०० एमबीपीएसची लाईन. दुसरी, दोन स्विचमधली १० जीबीपीएसची लिंक, कारण स्टोरेज, बॅकअप आणि व्हर्च्युअल मशीनची हलवाहलव तिघंही तिथूनच जातात. तिसरी जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बॅकअप सर्व्हरचा पोर्ट १० जीबीपीएसचा, आणि त्याच्याकडे एकाच मिनिटाला चार सर्व्हर प्रत्येकी १० जीबीपीएसने धावत येतात. चार तोंडांतून येणारं पाणी एका पन्हळीत मावत नाही.

आकडे हाताशी ठेवा, म्हणजे भांडण कशाचं आहे ते कळतं. १५०० बाइटचं पॅकेट १० जीबीपीएसच्या पोर्टवरून १.२ मायक्रोसेकंदात निघून जातं. २०० एमबीपीएसवर त्याला ६० मायक्रोसेकंद लागतात. आता समजा, पुढे १ मेगाबाइटची रांग उभी आहे. १० जीबीपीएसवर ती ०.८ मिलिसेकंदात रिकामी होते, २०० एमबीपीएसवर तिलाच ४० मिलिसेकंद लागतात. बॅकअपची ४ मेगाबाइटची रांग फोनच्या पॅकेटपुढे लागली, तर ते १६० मिलिसेकंद तिथेच खोळंबतं. आवाजाचा एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. राजापूरला ऐकू येणारी गुळणी ती हीच.

गर्दी शोधायला दोन कमांड पुरतात. 'शो इंटरफेस' मध्ये बाहेर जाताना टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा बघा. 'शो क्यूइंग इंटरफेस' मध्ये प्रत्येक रांगेचा हिशोब वेगळा दिसतो. पोर्टचा सरासरी वापर ३०-४० टक्के दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. ती सरासरी ३० सेकंदांची किंवा ५ मिनिटांची असते आणि चार सर्व्हरची झुंबड काही मिलिसेकंदांत होऊन जाते. सरासरीत ती दिसणारच नाही, टाकलेल्या पॅकेटांच्या आकड्यात मात्र दिसेल.

कागदावरची वाटणी

खरं अवघड काम हेच आहे, आणि ते स्विचवर होत नाही. ज्याला विचाराल तो म्हणतो, आमचंच तातडीचं. सीसीटीव्हीवाला म्हणतो सुरक्षा, अकाउंटवाले म्हणतात क्लोजिंग, बॅकअपवाला म्हणतो उद्या डिस्क गेली तर बघा. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: तुमचं पॅकेट अर्धा सेकंद उशिरा पोचलं तर काय अडेल? फोनचं सगळंच अडेल. काउंटरवरच्या व्यवहाराचं थोडं अडेल, पण माणूस चिडेल. बॅकअपला अर्धा सेकंद काय, अर्धा तास उशीर झाला तरी कोणाला पत्ता लागणार नाही. वाटणी तिथेच झाली.

पाच वर्ग केले. आवाज, व्यवहार, स्टोरेज, बॅकअप आणि उरलेलं सगळं. याहून जास्त करायचा मोह टाळा. आठ रांगा आहेत म्हणून आठ वर्ग पाडले, तर सहा महिन्यांनी कोण कशात आहे ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता शिक्क्याबद्दल. हापूसच्या पेटीवर बागेतच शिक्का मारतात, आणि ती वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत वाटेतला प्रत्येक जण तोच शिक्का वाचतो. पॅकेटवरचा असा शिक्का म्हणजे डीएससीपी. आयपी हेडरमधले ६ बिट, म्हणजे ० ते ६३ अशा ६४ किमती. १९९८ च्या आरएफसी २४७४ ने तो ठरवला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). त्याच बाइटमधले उरलेले २ बिट ईसीएनसाठी (गर्दीची खूण, पुढे येईलच) आहेत, ते २००१ च्या आरएफसी ३१६८ ने दिले. व्हीएलएएन टॅगमध्ये, म्हणजे एकाच केबलवरची वेगळी नेटवर्क ओळखायच्या चिठ्ठीत, ३ बिटांचा सीओएस नावाचाही एक शिक्का असतो, पण टॅग नसलेल्या लिंकवर तो गळून पडतो. म्हणून माझा सगळा भर डीएससीपीवर.

माझे शिक्के असे. आवाज ४६, याला ईएफ म्हणतात आणि फोन बहुधा स्वतःच तो लावून पाठवतात. व्यवहार २६, म्हणजे एएफ ३१. स्टोरेज १८, म्हणजे एएफ २१. बॅकअप ८, म्हणजे सीएस १. बाकी सगळं ०. बॅकअपच्या ८ बद्दल एक सावधगिरी हवी. ८ हा आकडा ० पेक्षा मोठा, म्हणून काही उपकरणं त्याला ० च्या वर बसवतात. आपल्याला तर तो सगळ्यात खाली हवा. २०१९ च्या आरएफसी ८६२२ ने अशा खालच्या दर्जासाठी १ हा वेगळा शिक्का दिला आहे. तुमची सगळी उपकरणं तो ओळखत असतील तर तोच वापरा. माझी ओळखत नव्हती.

स्विचच्या डोक्यातल्या तीन वह्या

नेक्ससवर पॉलिसी तीन प्रकारच्या असतात. या तिघांत गल्लत झाली की दिवस वाया गेलाच म्हणून समजा. 'टाइप क्यूओएस' पॅकेट आत येताना ओळखते, शिक्का मारते आणि त्याला आतला एक क्रमांक देते. 'टाइप क्यूइंग' बाहेर जाताना रांगा चालवते. 'टाइप नेटवर्क-क्यूओएस' पूर्ण स्विचसाठी असते आणि कोणत्या वर्गाचं पॅकेट टाकून द्यायचं नाही, हे तिथे ठरतं.

आतला तो क्रमांक म्हणजे क्यूओएस-ग्रुप. पेटीवरचा शिक्का वाशीपर्यंत जातो, पण गोदामात हमाल पेटीवर खडूने फुली मारतो ती गोदामापुरतीच. क्यूओएस-ग्रुप ही खडूची फुली आहे. ती स्विचच्या बाहेर जात नाही, आणि बाहेरची रांग मात्र तीच बघून ठरते. ग्रुप ५ चं पॅकेट रांग ५ मध्ये.

माझी चूक इथेच झाली. पहिल्या दिवशी मी वर्गवारी लावली, स्टोरेजला ग्रुप ३ दिला, स्विचवरचे मोजणीचे आकडे पळताना दिसले आणि खुशीत जेवायला गेलो. रांगांची पॉलिसी उद्या बघू म्हटलं. संध्याकाळी क्लोजिंगच्या वेळी डिस्कचा प्रतिसाद इतका रेंगाळला की व्हर्च्युअल मशीन गोठायला लागली. कारण आधीपासून लागलेल्या आठ रांगांच्या पॉलिसीत रांग ७ ला अग्रक्रम, डिफॉल्ट रांगेला उरलेल्याचे १०० टक्के, आणि मधल्या रांगांना ० टक्के. मी स्टोरेजला चांगल्या रांगेतून उचलून शून्य वाटा असलेल्या रांगेत नेऊन बसवलं होतं. प्राधान्य द्यायला गेलो आणि उपाशी ठेवून आलो. तेव्हापासून नियम एकच: रांगा आधी, वर्गवारी नंतर. तुमच्या स्विचवर आत्ता काय लागलंय ते 'शो पॉलिसी-मॅप सिस्टीम टाइप क्यूइंग' ने वाचून घ्या.

हात लावण्यापूर्वी

'चेकपॉइंट' कमांडने आत्ताच्या कॉन्फिगरेशनचा फोटो काढून ठेवा, त्याला तारखेचं नाव द्या. बिघडलं तर 'रोलबॅक रनिंग-कॉन्फिग चेकपॉइंट' आणि ते नाव, एवढ्यावर मागे जाता येतं. कन्सोलची केबल लावून बसा, फक्त नेटवर्कमधून लॉगिन करून हे काम करू नका. काही मॉडेलवर क्यूओएसच्या नियमांसाठी टीकॅम मेमरीत (नियम झटपट जुळवणारी खास मेमरी) जागा काढून द्यावी लागते आणि त्यासाठी स्विच रीलोड करावा लागतो. जागा नसेल तर पॉलिसी लावताना स्विच तसं सांगतो. ते भर दुपारी कळण्यापेक्षा आदल्या दिवशी 'शो हार्डवेअर अ‍ॅक्सेस-लिस्ट टीकॅम रीजन' बघून घेतलेलं बरं.

पायरी पहिली: रांगा

आठ रांगांचे क्लास स्विचमध्ये आधीच तयार असतात, सी-आउट-८क्यू-क्यू७ असे काहीसे. ते नव्याने बनवायचे नाहीत, वापरायचे. माझी पॉलिसी अशी:

पॉलिसी-मॅप टाइप क्यूइंग रांगा
क्लास टाइप क्यूइंग सी-आउट-८क्यू-क्यू७: प्रायॉरिटी लेव्हल १
क्लास टाइप क्यूइंग सी-आउट-८क्यू-क्यू५: बँडविड्थ रिमेनिंग परसेंट ३०
क्लास टाइप क्यूइंग सी-आउट-८क्यू-क्यू३: बँडविड्थ रिमेनिंग परसेंट ३५
क्लास टाइप क्यूइंग सी-आउट-८क्यू-क्यू१: बँडविड्थ रिमेनिंग परसेंट १०
क्लास टाइप क्यूइंग सी-आउट-८क्यू-क्यू-डिफॉल्ट: बँडविड्थ रिमेनिंग परसेंट २५

रांग २, ४ आणि ६ वापरात नाहीत, त्यांना ०. बेरीज १०० भरली पाहिजे.

'रिमेनिंग' म्हणजे अग्रक्रमाची रांग रिकामी झाल्यावर जे उरतं त्यातला वाटा. हा वाटा गर्दीतच लागू होतो. रात्री लाईन मोकळी असेल तर १० टक्केवाला बॅकअप पूर्ण १० जीबीपीएस घेऊ शकतो, त्याला कोणी अडवत नाही. बॅकअपवाल्याला हे दोनदा समजावून सांगावं लागलं. मग त्याची तक्रार थांबली.

'प्रायॉरिटी लेव्हल १' ची गोष्ट वेगळी. त्या रांगेत पॅकेट असेपर्यंत बाकीच्या रांगांचं तोंडही बघितलं जात नाही. राजधानीसाठी पॅसेंजर थांबते ते ठीक, पण एकामागोमाग एक राजधान्याच सोडत राहिलात तर पॅसेंजर लूप लाईनलाच गंजेल. म्हणून या रांगेत थोडं आणि मोजून टाकायचं. किती, त्याचं गणित करता येतं. जी.७११ कोडेकचा (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) एक कॉल आयपी पातळीवर ८० केबीपीएस घेतो, इथरनेटचं वेष्टण धरून ८७ च्या आसपास. एका वेळी ३० कॉल धरले तरी २.६ एमबीपीएस. कुठे १० जीबीपीएस आणि कुठे हे. आवाजाला प्राधान्य हवं असतं, जागा फार लागत नाही.

पॉलिसी पूर्ण स्विचला लावायला 'सिस्टीम क्यूओएस' मध्ये जाऊन 'सर्व्हिस-पॉलिसी टाइप क्यूइंग आउटपुट रांगा'. एखाद्या पोर्टला वेगळी हवी असेल तर त्या इंटरफेसवर लावलेली पॉलिसी सिस्टीमच्या पॉलिसीवर मात करते. लावताना क्षणभर ट्रॅफिक अडखळू शकतो, म्हणून मी हे काउंटर बंद झाल्यावर केलं. दोन स्विच व्हीपीसी जोडीत, म्हणजे बाकीच्यांना एकच वाटतील असे जोडलेले, असतील तर दोघांवर अक्षरशः सारखं ठेवा आणि 'शो व्हीपीसी कन्सिस्टन्सी-पॅरामीटर्स ग्लोबल' ने ताडून बघा.

पायरी दुसरी: काठावर शिक्का, आत विश्वास

नेक्सस आलेला डीएससीपी तसाच पुढे जाऊ देतो, पुसत नाही. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण उद्या कोणी हुशार माणसाने आपल्या सर्व्हरवरून सगळंच ४६ ने पाठवायला सुरुवात केली, तर त्याचा माल राजधानीतून जाईल. म्हणून मी दोन वेगळ्या पॉलिसी केल्या. सर्व्हरच्या पोर्टवर 'काठ', आणि स्विच-स्विच, स्विच-राऊटर लिंकवर 'आत'.

काठावरच्या पॉलिसीत टीसीपी पोर्ट (केबलचा नव्हे, प्रोग्रामचा क्रमांक) आणि पत्त्यांवरून ओळख पटवायची. स्टोरेजचं आयस्कझी, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क वापरायची पद्धत, टीसीपी ३२६० वर चालतं. त्यासाठी अ‍ॅक्सेस-लिस्ट (जुळणाऱ्या पॅकेटांची यादी) केली, तर दोन ओळी लागतात, एक गंतव्य पोर्ट ३२६० ची आणि एक स्रोत पोर्ट ३२६० ची. कारण स्टोरेजकडून परत येणाऱ्या पॅकेटात ३२६० हा स्रोत असतो. वाचनाचा सगळा मोठा डेटा परतीच्याच दिशेने येतो, आणि नेमकी तीच ओळ लोक विसरतात. व्यवहारासाठी डेटाबेसचा पोर्ट, आमच्याकडे पोस्टग्रेसचा ५४३२, तोही दोन्ही दिशांनी. बॅकअप मात्र मी सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून ओळखतो, कारण बॅकअपची सॉफ्टवेअरं पोर्टांची नुसती जत्रा भरवतात.

क्लास-मॅप टाइप क्यूओएस मॅच-एनी स्टोरेज
मॅच अ‍ॅक्सेस-ग्रुप नेम आयस्कझी-यादी

असे चार क्लास झाल्यावर पॉलिसी:

पॉलिसी-मॅप टाइप क्यूओएस काठ
क्लास आवाज: सेट डीएससीपी ४६, सेट क्यूओएस-ग्रुप ७, पोलीस सीआयआर ५० एमबीपीएस
क्लास बॅकअप: सेट डीएससीपी ८, सेट क्यूओएस-ग्रुप १
क्लास स्टोरेज: सेट डीएससीपी १८, सेट क्यूओएस-ग्रुप ३
क्लास व्यवहार: सेट डीएससीपी २६, सेट क्यूओएस-ग्रुप ५
क्लास क्लास-डिफॉल्ट: सेट डीएससीपी ०, सेट क्यूओएस-ग्रुप ०

आवाजाच्या क्लासमध्ये फक्त फोन एक्स्चेंजचा पत्ता आणि ४६ चा शिक्का, दोन्ही जुळले तरच प्रवेश. त्यामुळे हा एक क्लास मॅच-ऑल ठेवा, मॅच-एनी ठेवलात तर दार सताड उघडं. वरून 'पोलीस सीआयआर' चा ५० एमबीपीएसचा लगाम. त्यापलीकडचं टाकून द्यायचं. शेवटची ओळ सगळ्यात मोलाची आहे. जो कुठेच बसला नाही त्याचा शिक्का पुसून ० होतो.

क्रमही बघा. बॅकअप व्यवहाराच्या आधी का? कारण बॅकअप सर्व्हर डेटाबेसची प्रत घ्यायला त्याच ५४३२ वर जातो. व्यवहार आधी ठेवला तर बॅकअप व्यवहाराची टोपी घालून आत शिरतो. पहिला जुळलेला क्लास लागू होतो, पुढचे बघितले जात नाहीत.

'आत' ची पॉलिसी साधी. मॅच डीएससीपी आणि सेट क्यूओएस-ग्रुप, बस्स. शिक्क्याला हात लावायचा नाही. दोन्ही पॉलिसी इंटरफेसवर 'सर्व्हिस-पॉलिसी टाइप क्यूओएस इनपुट' ने लागतात. स्विचचे स्वतःचे कंट्रोल पॅकेट वेगळ्या रांगेतून जातात, त्यांची काळजी इथे करावी लागत नाही.

पायरी तिसरी: बाहेरची लाईन

आता खरा एकेरी रूळ. सेवादात्याने जी केबल हातात दिली ती १ जीबीपीएसच्या पोर्टची, पण करार २०० एमबीपीएसचा. याचा अर्थ लक्षात घ्या. तुमच्या पोर्टला गर्दी झालीय असं कधी वाटणारच नाही, तो आनंदाने १ जीबीपीएसने ढकलत राहील. गर्दी पलीकडे होईल, आणि तिथे तुमचा शिक्का कोणी वाचत नाही. जे हाताला लागेल ते टाकलं जाईल, फोनचं पॅकेट का असेना. आमच्याकडे त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं. आतल्या १० जीबीपीएसच्या लिंकचा काही दोष नव्हता.

उपाय म्हणजे रांग मुद्दाम आपल्याच अंगणात लावायची. बाहेर जाणारा वेग २०० च्या जरा खाली, मी १९० ठेवला, स्वतःच अडवायचा. यालाच शेपिंग म्हणतात. सेवादाता इथरनेटचं वेष्टणही मोजतो, म्हणून थोडी फट लागते. नेक्ससवर शेपिंग रांगेनिहाय लावतात, आणि मला पूर्ण लाईनला एकच शेप आणि त्याच्या पोटात रांगा हव्या होत्या. ते काम राऊटरवर केलं. पोटातल्या पॉलिसीत आवाजाला 'प्रायॉरिटी' १० एमबीपीएस, व्यवहाराला उरलेल्याचे ५० टक्के, बॅकअपला १०, बाकी डिफॉल्टला. बाहेरच्या पॉलिसीत क्लास-डिफॉल्टला 'शेप अ‍ॅव्हरेज १९०००००००' आणि त्याच्याखाली पोटातली पॉलिसी. मग इंटरफेसवर आउटपुट दिशेला बाहेरची पॉलिसी.

स्विचवर मारलेले शिक्के इथे कामी येतात. राऊटरला डेटाबेस कुठला, बॅकअप कुठला, काही ठाऊक असायची गरज नाही. तो २६ आणि ८ वाचतो.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. सिग्नल फक्त सुटणाऱ्या गाडीला देता येतो. शाखेकडून आमच्याकडे येणाऱ्या ट्रॅफिकची रांग शाखेच्या राऊटरवर लागते, म्हणून तसलीच छोटी पॉलिसी प्रत्येक शाखेत लावावी लागली. देवरुखला तेवढ्याने भागेना. तिथला जुन्या पिढीचा स्विच क्यूओएस चालू करताच अविश्वासू पोर्टवरचे सगळे शिक्के ० करत होता. फोनच्या पोर्टवर डीएससीपीवर विश्वास ठेव, असं त्याला वेगळं सांगितलं तेव्हा आवाज जागेवर आला.

पीएफसी आणि ईसीएन, थोडक्यात

इंटरनेटवर वाचून कोणीतरी सांगेल की स्टोरेजला पीएफसी लावा, पॅकेटच पडणार नाही. पीएफसी म्हणजे पुढची रांग भरली की मागच्याला त्या वर्गापुरतं 'थांब' म्हणणं. रॉकी नावाच्या आरडीएमए ट्रॅफिकला (एका सर्व्हरच्या मेमरीतून थेट दुसऱ्याच्या मेमरीत जाणारा) ते लागतं. साधं आयस्कझी टीसीपीवर चालतं, पॅकेट पडलं तर पुन्हा पाठवतं, त्याला पीएफसीवाचून काही अडत नाही. उलट धोका असा, की करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात एक गाडी अडकली की मागे उक्षी, संगमेश्वर सगळीकडे गाड्या उभ्या राहतात. त्यांचा काही संबंध नसला तरी. पीएफसीचा 'थांब' अगदी तसाच मागे-मागे पसरतो. मी लावलेलं नाही.

ईसीएन मला जास्त आवडतं. रांग वाढायला लागली की स्विच पॅकेट टाकत नाही, त्याच्यावर खूण करतो आणि पाठवणारा आपणहून हळू होतो. क्यूइंग पॉलिसीत 'रँडम-डिटेक्ट' च्या ओळीला 'ईसीएन' जोडायचं. पण दोन्ही टोकांनी ईसीएनची बोली केलेली असेल तरच. लिनक्समध्ये 'टीसीपी-ईसीएन' ची मूळ किंमत २ असते, म्हणजे समोरच्याने मागितलं तर हो म्हणतो, आपणहून मागत नाही. दोन्हीकडे २ असेल तर कोणीच मागत नाही. मग स्विच खूण न करता सरळ पॅकेट टाकत बसतो.

खात्री

पॉलिसी लागली म्हणजे चालली असं नाही. लिनक्सवरून 'पिंग' ला 'क्यू' हा मोठ्या अक्षरातला पर्याय देऊन शिक्का मारता येतो. इथे बहुतेक सगळे एकदा तरी पडतात: तो पर्याय पूर्ण बाइट मागतो, डीएससीपी नव्हे. ईसीएनचे दोन बिट उजवीकडे असल्यामुळे ४६ ला ४ ने गुणून १८४ द्यायचं. ४६ दिलंत तर शिक्का ११ चा पडतो आणि तुम्ही तासभर स्विचला शिव्या देत बसता. पलीकडच्या टोकाला टीसीपीडंप (पॅकेटं उघडून दाखवणारा प्रोग्राम) लावून १८४ पोचले का, ते बघा. काठाची पॉलिसी अनोळखी पत्त्याचा शिक्का पुसते, म्हणून ही चाचणी एक्स्चेंजच्या मशीनवरूनच करा. नंतर मुद्दाम दुसऱ्या सर्व्हरवरून १८४ पाठवा, तो पलीकडे ० होऊन पोचला पाहिजे. दोन्ही झालं तरच काठ पक्का.

मग गर्दी घडवा. 'क्लिअर क्यूओएस स्टॅटिस्टिक्स' ने आकडे शून्यावर आणा, बॅकअप सर्व्हरवरून आयपर्फने (लाईन भरून बघायचा प्रोग्राम) ८ च्या शिक्क्याचा माल लाईन भरेल इतका सोडा, आणि त्याच वेळी १८४ वाला पिंग चालू ठेवा. पिंगचा वेळ मोकळ्या लाईनएवढाच राहायला हवा. शेजारी दुसरा पिंग बॅकअप सर्व्हरवरूनच, म्हणजे रांग १ मधून, तो वाढलेला दिसेल. 'शो क्यूइंग इंटरफेस' मध्ये टाकलेली पॅकेटं रांग १ मध्ये दिसली पाहिजेत, रांग ७ मध्ये ०. बाहेरच्या लाईनसाठी हेच राऊटरवर 'शो पॉलिसी-मॅप इंटरफेस' ने बघायचं. रांग ७ मध्ये पॅकेट पडताना दिसली तर तिच्यात कोणीतरी घुसखोर आहे, वाटा वाढवायला धावू नका. आणि जर कुठल्याच रांगेत काही पडत नसेल तर एकेरी रूळ तुम्हाला अजून सापडलेला नाही, पहिल्या पायरीच्याही मागे जा.

सगळं जमल्यावर 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे ही ओळ मी कॉन्फिगरेशनच्या आधीच हातावर लिहून ठेवतो.

एक काम मात्र पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी उरतं. हायवेच्या कडेला जेसीबी लागला की फायबर तुटते आणि सगळं ५० एमबीपीएसच्या पर्यायी लाईनवर येतं. १९० चा शेप त्या लाईनवर निरुपयोगी, रांग पुन्हा पलीकडच्या अंगणात. म्हणून त्या इंटरफेसवर वेगळी पॉलिसी आहे, शेप ४७, आवाजाला ५, आणि बॅकअपला १ टक्का. मे महिन्यात एका रविवारी मुख्य लाईनची केबल हाताने काढतो, राजापूरला फोन लावतो आणि बॅकअप चालू असताना पाच मिनिटं आंब्याच्या भावावर बोलतो. गेल्या खेपेला समोरून "आवाज खणखणीत येतोय दादा, पण भाव काय ऐकवत नाही" असं आलं, तेव्हा केबल परत लावली.